आपल्या रस्त्यावरची गेलेली दुकानं: नोंद कशी ठेवायची

आख्ख्या मुंबईच्या आठवणी लिहायला बसू नका. ‘आता ती मुंबई राहिली नाही’ एवढं एक वाक्य लिहून होतं आणि पुढे गाडी सरकत नाही. एक रस्ता घ्या, तोही सबंध नको. या नाक्यापासून त्या नाक्यापर्यंत, उजवी बाजू आणि डावी बाजू. ज्या तुकड्यावरून तुम्ही शाळेत गेलात, दळण आणलंत, आजोबांची औषधं आणलीत, तेवढाच.

माझा तुकडा गिरगावातला, ठाकूरद्वार नाक्यापासून प्रार्थना समाजाकडे जाणारा. वडिलांचा छापखाना तिथल्या एका वाडीत तळमजल्यावर होता. एक ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं छपाईयंत्र), खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या केसेस, ती अक्षरं जुळवणारे दोन कंपोझिटर आणि सगळं जॉबवर्क: लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेडं, मंडळांच्या पावत्या, नाटकांची हँडबिलं. शाळा सुटली की मी प्रुफं वाचायला बसायची. आज तो छापखाना नाही आणि ज्यांची बिलबुकं आम्ही छापायचो त्यांतली बरीच दुकानंही नाहीत. पण वडील प्रत्येक कामाचा एक नमुना फाइलला लावून ठेवायचे. त्या फायली आमच्याबरोबर दहिसरच्या घरी आल्या. त्या वाचताना मला जी रीत सापडली ती इथे सांगते. नमुन्यांच्या फायली सगळ्यांकडे नसतील, पण कागद सगळ्यांच्या घरात असतात.

आधी नकाशा, मग आठवणी

रविवारी सकाळी लवकर त्या रस्त्यावर जा. गर्दी नसते, पाट्या नीट वाचता येतात. आज जे आहे ते आधी लिहा, गाळ्यागणिक. मोठा ड्रॉइंगचा कागद घ्या, मधे रस्ता आखा, दोन्ही बाजूंना चौकोन काढा, वाड्यांची आणि बोळांची तोंडं मोकळी सोडा. आजचं नाव शाईने आणि त्याच चौकोनात आधीचं नाव पेन्सिलने. आधीचं आठवत नसेल तर जागा कोरी ठेवा. कोरा चौकोन पाहिला की लोकांना राहवत नाही, ते आपणहून बोलायला लागतात.

रस्त्याची दोन्ही नावं लिहा. जुन्या बिलांवर ‘गिरगाव रोड’ असेल, आजच्या पाटीवर ‘जगन्नाथ शंकरशेट मार्ग’. लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामळदास गांधी मार्ग. हे जुळवून घेतलं नाही तर एकाच दुकानाची दोन दुकानं होतात.

नकाशावर बस थांब्यांची आणि नाक्यांची बोलीतली नावंही घाला. आपल्या शहरात वस्तू जाते आणि नाव मागे राहतं. दादर टी.टी. म्हणताना ट्राम टर्मिनस कुणाच्या मनात येत नाही, पण ट्राम ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली आणि नाव अजून चालू आहे. धोबीतलावला तलाव नाही, सी. पी. टँकला टँक नाही. काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ साली तिथून हलवला, तो पुढे राणीच्या बागेत गेला. बावन्न वर्षं त्या चौकात घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना कुणी अडलं नाही. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, स्वार नसलेला. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमा गेला, ज्या थेटरात १४ मार्च १९३१ ला भारतातला पहिला बोलपट लागला होता ते थेटर. नाव शॉपिंग सेंटरवर राहिलं. अशी नावं म्हणजे नकाशावरच्या खुणा. कुठे काय होतं याचा शोध तिथून सुरू करता येतो.

इमारत पडली असेल तर प्लॉटचा सी.एस. नंबर, म्हणजे सरकारी भूमापनातला क्रमांक, मिळवा. उपनगरात त्याला सी.टी.एस. नंबर म्हणतात. पुनर्विकासाच्या बोर्डावर तो लिहिलेला असतो. इमारतीचं नाव बदलतं, दुकानं बदलतात, हा नंबर सहसा बदलत नाही. गिरगाव-काळबादेवीत भुयारी मेट्रोसाठी इमारती पाडल्या, तिथे आता स्टेशनची दारं आहेत आणि ऑक्टोबर २०२५ पासून लोक तिथून ये-जा करतात. अशा जागी जुना चौकोन नेमका कुठे बसवायचा हे डोळ्यांनी कळत नाही, नंबरानेच कळतं. गूगल अर्थमध्ये मागच्या सालांची उपग्रहचित्रं पाहायची सोय आहे, तिचाही उपयोग होतो. गूगलची रस्त्यावरून घेतलेली चित्रं मात्र मुंबईत २०२२ साली आली, त्याआधी पडलेलं काही तिथे शोधू नका.

घरातले कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

लग्नाच्या खर्चाची वही सापडली तर सोनं सापडलं. आपल्याकडे आई-आजी लग्नाचा खर्च वहीत लिहून ठेवत. कापड कुठून घेतलं, मांडव कुणाचा, आचारी कोण, हार-गजरे कुठले, वाजंत्र्याला विसार किती. एका वहीत रस्त्यावरची दहा-बारा दुकानं निघतात, तीही तारखेसकट. मग फोटो. स्टुडिओतल्या फोटोच्या मागे शिक्का असतो. वरातीच्या आणि विसर्जनाच्या फोटोंत माणसांकडे पाहू नका, माणसांच्या मागे पाहा, दुकानांच्या पाट्या तिथे आहेत. कोटाच्या आतल्या खिशावरचं शिंप्याचं लेबल, दागिन्याच्या डबीच्या झाकणातलं पेढीचं नाव, घड्याळाचं गॅरंटी कार्ड, चष्म्याचं घर, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा वाचनालयाचा शिक्का, हे सगळे पुरावे आहेत.

जुने दिवाळी अंक असतील तर लेख नंतर वाचा, आधी जाहिराती पाहा. त्याहून मोलाच्या गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका आणि अहवाल. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सव १८९३ पासूनचा, त्यामुळे आमच्याकडे मंडळं जुनी आणि कागदही जुने. पाव पान, अर्धं पान, ‘एका हितचिंतकाकडून’. ज्या दुकानाने कधी वर्तमानपत्रात जाहिरात दिली नसेल त्यानेही मंडळाच्या स्मरणिकेत पाव पान घेतलेलं असतं. मंडळाच्या कपाटात हे गठ्ठे असतात. उत्सवाच्या घाईत मागायला जाऊ नका, दिवाळीनंतर जा.

आता कागदावरून साल कसं काढायचं ते. दुकानदार बिलावर तारीख घालतोच असं नाही, आणि कोऱ्या नमुन्यावर तर ती नसतेच. पण छापील मजकूर बोलतो.

किंमत आण्यांत असेल तर तो कागद सहसा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या मधला. पत्त्यात नुसता टपाल विभागाचा आकडा, ‘मुंबई ४’ असा, असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचा, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. मात्र जुनं बिलबुक संपेपर्यंत आणि सवय सुटेपर्यंत लोक पुढेही ‘मुंबई ४’ छापून घेत, म्हणून एवढ्या एका खुणेवर साल ठरवू नका. बी.एस.टी. नंबर हा विक्रीकराचा, तो असेल तर कागद व्हॅटच्या आधीचा, म्हणजे १ एप्रिल २००५ च्या आधीचा. जीएसटी नंबर असेल तर १ जुलै २०१७ च्या नंतरचा. आठ आकडी लँडलाइन असेल तर कागद या शतकातला.

मग कागद हातात घ्या. उलटा करा आणि छापलेल्या ओळींवरून अंगठा हलकेच फिरवा. खिळ्यांनी छापलेलं असेल तर मागून उठाव लागतो, विशेषतः रेघांचा आणि जाड अक्षरांचा. उजेडात तिरकं धरलंत तर तो दिसतोही. ऑफसेटचा, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापलेला, कागद मागून सपाट. खिळ्याच्या छपाईत एखादं अक्षर झिजलेलं असतं, काना तुटलेला असतो, आणि तेच तुटकं अक्षर दुसऱ्या दुकानाच्या बिलावर दिसलं तर दोन्ही बिलं एकाच छापखान्यात छापली असण्याची शक्यता फार. आमच्याकडे एक ‘श्री’ होता, त्याच्या वेलांटीचं टोक उडालेलं. तो मी कुठेही ओळखीन.

माझ्या फायलीतला एक नमुना सांगते. एका बँडवाल्याच्या बिलबुकाचं पान. वर डाव्या कोपऱ्यात ट्रंपेटचा ब्लॉक (चित्राचा ठसा), उजवीकडे गणपतीचा. खाली रकाने: वाजंत्री किती, घोडा हवा की नको, गॅसबत्त्या किती, वरात निघण्याची वेळ, विसार, बाकी. पत्ता ‘मुंबई ४’. फोन नंबरापुढे ‘पी.पी.’. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पी.पी. म्हणजे फोन स्वतःचा नाही, शेजाऱ्याचा. तिथे फोन करायचा आणि ‘जरा बँडवाल्याला बोलावता का’ म्हणायचं. तोच नंबर मला दुसऱ्या एका नमुन्यावर सापडला, तिथे पी.पी. नव्हतं. ते लेटरहेड एका लाँड्रीचं होतं. म्हणजे बँडवाला त्या लाँड्रीच्या हाकेच्या अंतरावर बसत होता, आणि लाँड्रीचा पत्ता वाडीच्या नावासकट छापलेला होता. नकाशावरचे दोन चौकोन अशा एका नंबरावरून भरले.

म्हणून कागदाची नुसती समोरची बाजू टिपू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, खिडकीशी, फ्लॅश न लावता, बाजूला फूटपट्टी ठेवून. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसतो आणि बारीक टाइप वाचता येत नाही. फाइलला नाव देताना आधी जागा, मग साल, मग दुकानाचा प्रकार. ‘आयएमजी’ आणि नंबर अशा नावाखाली पुरलेला कागद पुन्हा कुणाला सापडत नाही.

माणसांना विचारताना

‘काका, तेव्हाचं गिरगाव कसं होतं हो?’ असं विचारलं की ‘छान होतं, माणुसकी होती’ एवढंच मिळतं. कामाबद्दल विचारा. दुकान किती वाजता उघडायचं? पहिलं गिऱ्हाईक कोण? माल कुठून यायचा, हातगाडीवरून की डोक्यावरून? उधारी कुठल्या वहीत लिहायची? महिन्याच्या शेवटी कोण यायचं, पगाराच्या दिवशी कोण यायचं? दुपारी झोपायची सोय कुठे होती? पावसाळ्यात पाणी भरलं की माल कुठे ठेवायचात? असे प्रश्न घेऊन आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळशाच्या वखारीबद्दल एका आजोबांना विचारलं. वखारीचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण पंधरा मिनिटं ते तराजूबद्दल बोलले. पावसाळ्यात कोळसा ओला होऊन वजनाला जास्त भरायचा, म्हणून बायका उन्हाळ्यातच पोती भरून ठेवायच्या आणि चाळीतल्या जिन्याखालच्या जागेवरून भांडणं व्हायची. वखार कशी चालायची ते त्या पंधरा मिनिटांत सगळं आलं.

साल कुणाला आठवत नाही. ‘तुझ्या आत्याचं लग्न झालं त्या सुमारास’ असं उत्तर येतं, आणि ते उत्तम उत्तर आहे, कारण आत्याची पत्रिका घरात असते. पत्रिका नसेल तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेला धरा. ट्राम होती का तेव्हा? दूरदर्शन सुरू झालं होतं का, म्हणजे २ ऑक्टोबर १९७२ च्या आधी की नंतर? गिरण्यांचा संप, १८ जानेवारी १९८२? बॉम्बस्फोट, १२ मार्च १९९३? २६ जुलैचा पूर, २००५? ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढं जरी कळलं तरी दोन खुणांच्या मधे दुकान बसवता येतं.

एकाच माणसाचं ऐकून थांबू नका. मालकाला दुकान एक दिसतं, नोकराला दुसरं, गिऱ्हाइकाला तिसरं. आमचे कंपोझिटर आज असते तर त्यांनी छापखान्याबद्दल जे सांगितलं असतं ते माझ्या वडिलांनी कधीच सांगितलं नसतं: शिशाने काळी झालेली बोटं, उभ्याने काम करून सुजणारे पाय. बायकांना मुद्दाम विचारा. दुकानाची पाटी पुरुषाच्या नावाची असली तरी मागे पापड लाटणारी, पाकिटं चिकटवणारी, हिशेब तपासणारी घरातली बाई असे.

रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा आणि मग फोन समोर ठेवा, लपवून नाही. पंखा बंद करायला सांगा, कुकर होऊ दे म्हणा, फोनखाली घडी घातलेला नॅपकिन ठेवा. भावाभावांतले वाद, पागडीची रक्कम, वाटणीची भांडणं निघाली तर ऐकून घ्या, पण त्यांनी स्वतः लिहा म्हटल्याशिवाय लिहू नका. त्या घरातली माणसं अजून एकमेकांच्या लग्नाला जातात.

का गेलं तेही लिहा

या कामात मला सगळ्यात जास्त पोटतिडीक इथे वाटते. ‘काळाच्या ओघात बंद पडलं’ असं लिहू नका. कोणतंही दुकान असंच आपोआप बंद पडत नाही. प्रत्येकाला कारण असतं आणि ते शोधता येतं.

डिझेलवर चालणारी बेस्टची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली, कारण तिचं पंधरा वर्षांचं ठरलेलं आयुष्य संपलं होतं. पद्मिनी टॅक्सी त्याच साली ऑक्टोबरअखेर बंद झाली, कारण शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं, कारण गाणी सीडीवरून फोनमध्ये गेली होती. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ पासूनचा, तो २०१६ साली थांबला, आणि लोकलच्या दारात उभं राहून पार्ले आलं हे वासावरून ओळखणारी माझ्या वयाची माणसं अजून त्या स्टेशनला नकळत मोठा श्वास घेतात. फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल टी. एन. शानभागांनी १९४८ साली सिनेमा थेटरातल्या एका कोपऱ्यात सुरू केलं होतं, ते २०१८ साली मिटलं.

ही मोठी नावं, त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांनी लिहिलं. आपल्या रस्त्यावरच्या खानावळीबद्दल आपणच लिहायचं आहे. लालबाग-परळची एखादी खानावळ १९८३-८४ च्या सुमाराला बंद झाली असेल तर कारण खानावळीच्या स्वयंपाकघरात शोधू नका. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, डबे लावणारे गडी गावाला गेले ते परतलेच नाहीत, आणि पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहण्याची वाट मोकळी झाली. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं, म्हणजे या व्यवसायाला संघटनेचा इतिहासही आहे. तो नोंदीत यायला हवा.

गिरगावात कारणं वेगळी. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, म्हणून छोटी दुकानं मोक्याच्या जागी टिकली, आणि त्याच कायद्यामुळे मालकाने इमारतीची डागडुजी केली नाही, म्हणून इमारती खचल्या. दुकान जगवणारी आणि दुकान पाडणारी गोष्ट एकच निघते. आमच्या छापखान्याचं कारण तिसरं. कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायचं डीटीपी आलं, ऑफसेट स्वस्त झालं, लग्नपत्रिका तयार कार्डावर छापून मिळू लागली. खिळे शिशाच्या भावाने किलोवर गेले. वडिलांनी मराठीच्या जोडाक्षरांची एक केस तेवढी ठेवून घेतली.

कारण एका ओळीत बसत नसेल तर चार ओळी लिहा. आणि कारण कळत नसेल तर ‘कारण मिळालं नाही’ असं सरळ लिहा.

घराबाहेरचे दप्तर

घरचे कागद संपले की बाहेर पडा. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली सुरू झालेलं. जुनी मराठी नियतकालिकं तिथे पाहायला मिळतात. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. जाताना ‘गिरगावाबद्दल काही आहे का’ असं विचारू नका. साल आणि रस्ता लिहून न्या, म्हणजे तिथल्या माणसाला मदत करता येते. दुकान अजून चालू असेल तर गल्ल्यामागे फ्रेममध्ये लावलेला गुमास्ता परवाना, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, पाहा. त्यावर नाव, पत्ता आणि बहुधा सालही असतं, आणि त्याबद्दल विचारलं की मालक खूश होतात.

भिंतीवर लावा

नोंदी वहीत ठेवून उपयोग नाही. गणपतीत मंडपाच्या बाजूच्या भिंतीवर नकाशा लावा, डोळ्यांच्या उंचीवर, अक्षर मोठं. शेजारी दोरीने पेन्सिल बांधा आणि प्रत्येक चौकोनाखाली दोन ओळींची जागा सोडा. जी माणसं विरार-डोंबिवलीला गेली ती दर्शनाला हमखास वाडीत येतात आणि नकाशापुढे थांबतात. कुणीतरी म्हणतं, ‘अहो, इथे सायकलवाला नव्हता, तो पलीकडे, इथे चष्मेवाला.’ त्यांना तिथेच लिहायला सांगा, खाली नाव आणि आजची तारीख घालायला सांगा. आधीचं खोडू नका. दोन माणसं दोन जागा सांगत असतील तर दोन्ही राहू द्या, आणि पुढचा कागद सापडेपर्यंत दोघांपैकी कुणालाही चुकीचं ठरवू नका.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडप सोडायच्या आधी त्या नकाशाचे फोटो काढून घ्या, तुकड्यातुकड्याने, पेन्सिलीचं अक्षर वाचता येईल असे. एक प्रत मंडळाच्या कपाटात, एक तुमच्याकडे, एक भागातल्या वाचनालयात. पुढच्या वर्षी नकाशा नव्याने काढा आणि जे चौकोन अजून कोरे आहेत ते लाल रंगाने आखा.